मासिक आयात-आकडेवारी कशी वाचावी? (ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ च्या निमित्ताने)

(हा एका चर्चामंडळातील धागा आहे. प्रत्येक भागाच्या डोक्यावर लिहिणाऱ्या सदस्याचे टोपणनाव आहे.)

त्रैराशिक

दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास केंद्रीय वाणिज्य मंत्रालय मागील महिन्याच्या आयात-निर्यातीचे प्राथमिक अंदाज प्रसिद्ध करते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या मथळ्यात त्यातला एकच आकडा झळकतो, तो म्हणजे व्यापारी तूट, अर्थात आयात निर्यातीपेक्षा जितकी जास्त ती रक्कम. ऑक्टोबर २०२५ ची तूट ४१.६८ अब्ज डॉलर निघाली. एका महिन्यात इतकी तूट आधी कधीच नोंदली गेली नव्हती, त्यामुळे वाहिन्यांवर आठवडाभर चिंतेचे वातावरण होते. डिसेंबरच्या मध्याला नोव्हेंबरचा आकडा आला तो २४.५३ अब्ज डॉलरचा, आणि तेच विश्लेषक दिलासा मिळाल्याचे सांगू लागले. तीस दिवसांत सतरा अब्ज डॉलरचा फरक पडावा असे देशाच्या कारखान्यांत, बंदरांत किंवा स्वयंपाकघरांत काय घडले, हे मात्र कोणीच सांगितले नाही.

ऑक्टोबरचा आकडा थोडा उसवून पाहू. गतवर्षीच्या ऑक्टोबरात आयात ६५.२१ अब्ज डॉलरची होती, ती यंदा ७६.०६ अब्जांवर गेली, म्हणजे वाढ १०.८५ अब्जांची. आता त्याच पत्रकातील वस्तूंचा तक्ता घ्यावा. सोने ४.९२ अब्जांवरून १४.७२ अब्जांवर गेले आहे आणि चांदी ०.४३ अब्जांवरून सुमारे २.७ अब्जांवर. या दोन धातूंचीच वाढ बारा अब्जांच्या वर जाते आणि ती एकूण वाढीपेक्षाही जास्त आहे. याचा सरळ अर्थ असा की सोने-चांदी वगळून उरलेल्या साऱ्या वस्तूंची, म्हणजे खनिज तेल, यंत्रे, इलेक्ट्रॉनिक्स, खते, कोळसा, खाद्यतेल, डाळी या सर्वांची मिळून आयात त्या महिन्यात गतवर्षापेक्षा एक अब्ज डॉलरहून अधिक घटली होती. 'आयातीचा पूर' असा मथळा ज्या महिन्याला मिळाला, त्याच महिन्याची ही गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा किंमत आणि परिमाण यांचा. मासिक पत्रकातील ठळक आकडे डॉलरमध्ये असतात, टनांत नसतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारताने ७९५.३२ टन सोने आयात केले आणि त्यासाठी ४५.५४ अब्ज डॉलर मोजले. २०२४-२५ मध्ये टन ७५७.१५ वर उतरले, पण बिल ५८.०१ अब्जांवर चढले. सोने कमी आले आणि खर्च २७ टक्क्यांनी वाढला. खनिज तेलाच्या बाबतीत उलटे उदाहरण सापडते. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षांत कच्चे तेल साधारण २३ कोटी टनच आले, परंतु त्याचे बिल सुमारे १५७ अब्ज डॉलरवरून १३३ अब्जांवर आले, कारण जागतिक भाव उतरले होते. पहिल्या उदाहरणात 'लोकांची सोन्याची हाव वाढली' असे म्हणणे जितके चुकीचे ठरेल, तितकेच दुसऱ्यात 'देशाने तेलाची बचत केली' असे म्हणणे चुकीचे ठरेल.

माझे म्हणणे एवढेच आहे की एका महिन्याच्या तुटीवरून अर्थव्यवस्थेविषयी काहीही ठरवू नये. आधी त्यातला भाव, परिमाण, सणवार आणि मागाहून होणारी दुरुस्ती हे चारही भाग वेगळे करावेत. या मंडळात बंदरावर काम करणारे, व्यापार करणारे आणि बँकेत हिशेब पाहणारे सदस्य आहेत. हा आकडा प्रत्यक्षात तयार कसा होतो, हे त्यांच्याकडून समजून घ्यायला आवडेल.

करळ फाटा

माझे काम न्हावाशेवा बंदरातून आयात माल सोडवण्याचे आहे, तेव्हा आकड्याच्या मुळापाशी काय घडते ते सांगतो.

आयात होणाऱ्या प्रत्येक मालासाठी 'बिल ऑफ एंट्री' नावाचा दस्त कस्टम्सच्या आइसगेट या संगणकीय प्रणालीवर भरावा लागतो. त्यात मालाचे वर्णन, आठ अंकी एचएस कोड (मालाचा वर्गीकरण-क्रमांक), परिमाण, परिमाणाचे एकक, देश, चलन आणि किंमत भरली जाते. यातील पहिले सहा अंक जगभर सारखेच असतात, कारण जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरवलेली ही पद्धत १९८८ पासून लागू आहे. शेवटचे दोन अंक आपल्या देशाचे. देशभरातील सागरी बंदरे, विमानतळ, जमिनीवरील सीमानाके आणि विशेष आर्थिक क्षेत्रे येथील या नोंदी कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाकडे जातात आणि तिथे त्यांची छाननी होऊन बेरीज होते. म्हणजे आपण ज्याला 'देशाची आयात' म्हणतो, ती मुळात आमच्यासारख्यांनी भरलेल्या लाखो दस्तांची बेरीज असते.

आता किमतीविषयी. भारतात आयातीची किंमत सीआयएफ धरतात, म्हणजे मालाच्या मूळ किमतीत जहाजाचे भाडे आणि विमा मिळवलेला असतो, तर निर्यातीची किंमत एफओबी, म्हणजे आपल्या बंदरावर जहाजात माल चढेपर्यंतची. आयात-निर्यातीची वजाबाकी करताना एका बाजूला भाडे मिळवलेले आणि दुसऱ्या बाजूला ते नसलेले, असा हा मामला आहे. भाड्याचा आकडा कागदावर मिळतच नसेल तर मूल्यांकनाच्या नियमानुसार एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, तेव्हा कंटेनरचे भाडे चांगलेच भडकले होते. त्या काळात तोच माल, तेवढाच माल आणि त्याच भावाचा माल आकडेवारीत महाग दिसत होता.

आणखी एक बारकावा सांगतो. जकातीचा दर कोणत्या दिवसाचा लागेल हे कायद्याने ठरलेले आहे: बिल ऑफ एंट्री सादर झाल्याचा दिवस किंवा जहाजाला आत येण्याची परवानगी मिळाल्याचा दिवस, यांतील जो नंतरचा असेल तो. माल बॉण्डेड गोदामात, म्हणजे जकात भरेपर्यंत माल ठेवण्याच्या गोदामात, ठेवला तर तिथून तो सोडवताना जे बिल भरले जाते त्या दिवसाचा दर लागतो. त्यामुळे जकात कमी होण्याची कुणकुण लागली की आयातदार माल बॉण्डमध्ये टाकून थांबतो आणि वाढण्याची चाहूल लागली की आमची धावपळ सुरू होते, मग रात्र म्हणू नये की रविवार म्हणू नये. बॉण्डमध्ये गेलेला माल आकडेवारीच्या दृष्टीने मात्र देशात आलेला असतो. बाजारात तो महिन्याभराने किंवा त्याहूनही उशिरा उतरला, तरी आयातीच्या तक्त्यात तो आधीच मोजला गेलेला असतो.

प्रश्नोपनिषद

चर्चा चांगली चालली आहे, पण मला मूलभूत शंका आहे. वर्षभरापूर्वी याच आकडेवारीत सोन्याच्या आयातीचा आकडा जाहीर झाल्यानंतर कित्येक अब्ज डॉलरनी खाली आणला गेला होता. सोन्यासारख्या मोजूनमापून येणाऱ्या वस्तूच्या बाबतीत इतकी तफावत निघत असेल तर करळ फाटा सांगतात त्या लाखो दस्तांच्या बेरजेवर विश्वास का ठेवावा? आकडे सोयीप्रमाणे फिरवले जात नाहीत, याची खात्री कोण देणार?

त्रैराशिक

आपण म्हणता तो प्रसंग नोव्हेंबर २०२४ चा. सुरुवातीला त्या महिन्याची सोन्याची आयात १४.८६ अब्ज डॉलर जाहीर झाली आणि एकूण तूट ३७.८४ अब्ज डॉलरवर गेली, जो त्या वेळचा उच्चांक होता. त्यानंतर रुपयावर दबाव आला, अग्रलेख लिहिले गेले, सोन्यावरील जकात पुन्हा वाढवणार का अशी चर्चा रंगली. जानेवारी २०२५ मध्ये सोन्याचा तो आकडा ९.८४ अब्ज डॉलरवर आणला गेला. एका वस्तूच्या एका महिन्यात पाच अब्ज डॉलर कमी झाले!

कारण मंत्रालयाने दिले ते असे: विशेष आर्थिक क्षेत्रांतील आयातीच्या नोंदी पूर्वी स्वतंत्र प्रणालीवर होत असत. २०२४ च्या मध्यापासून त्या आइसगेटवर हलवण्याचे काम सुरू झाले, परंतु स्थलांतर पूर्ण न झाल्याने दोन्ही प्रणालींकडून माहिती कोलकात्याला येत राहिली आणि काही माल दोनदा मोजला गेला. त्याच आर्थिक वर्षाच्या आधीच्या महिन्यांचे सोन्याचे आकडेही त्यामुळे खाली आणावे लागले.

हेतुपुरस्सर फेरफाराचा संशय मला इथे पटत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. चूक झाली ती सरकारला अडचणीत आणणाऱ्या दिशेने झाली होती. तूट फुगवून दाखवण्यात कोणत्याही मंत्रालयाचे हित नसते. हलगर्जीपणाचा आरोप मात्र मी मान्य करतो. ऑगस्ट २०२४ मध्येच सोन्याची आयात दहा अब्जांच्या वर दाखवली गेली होती. जकात कपातीमुळे तिथे वाढ अपेक्षित होती हे खरे, पण नोव्हेंबरात लग्नसराई धरूनही पंधरा अब्जांच्या घरातला आकडा पाहून प्रसिद्धीपूर्वी कोणाला तरी थांबावेसे वाटायला हवे होते.

या दुरुस्तीचा परिणाम आजही चालू आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सोन्याची आयात सुमारे चार अब्ज डॉलर झाली आणि 'सोन्याच्या आयातीत ५९ टक्के घट' असे छापून आले. ती घट ९.८४ या दुरुस्त आकड्याशी तुलना करून काढलेली आहे. जुनी कात्रणे समोर ठेवून १४.८६ शी तुलना करणाऱ्याला तीच घट ७३ टक्के दिसेल.

सराफकट्टा

आमची जळगावला सराफी पेढी आहे. सोन्याच्या आकड्यांविषयी बाजाराच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील जकात १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आली. नऊ टक्क्यांचा फरक एका दिवसात पडला, म्हणजे आधी कमी खरेदी करून थांबलेल्या सर्वांनी एकदम हात सैल सोडला. ऑगस्टमधील आयात त्यामुळे फुगली. माझ्या समजुतीप्रमाणे ऑक्टोबर २०२४ चा ४.९२ अब्ज हा आकडा लहान दिसतो, त्यामागे हेच कारण आहे: घाऊक व्यापाऱ्यांकडे माल आधीच भरलेला होता. अशा रिकाम्या महिन्याशी तुलना केल्यावर यंदाचा ऑक्टोबर तिप्पट दिसणारच.

शिवाय भावाचा विचार करा. यंदाच्या ऑक्टोबरात जागतिक बाजारात सोन्याने औंसाला ४,००० डॉलरची पातळी प्रथमच ओलांडली, गतवर्षी याच काळात ते २,७०० च्या आसपास होते. म्हणजे रकमेतली तिप्पट वाढ वजनात दुपटीच्या आसपास येते. धनत्रयोदशी या वेळी १८ ऑक्टोबरला होती, गेल्या वर्षी २९ ऑक्टोबरला. सणासाठीचा माल सणाच्या आधी यावा लागतो आणि भाव रोज चढत असताना उद्या आणखी महाग होईल या धास्तीने व्यापारीही जास्तीचा उचलतो. दिवाळी संपली, भाव शिखरावरून थोडे खाली आले आणि नोव्हेंबरात आयात आटली.

एक गोष्ट मात्र तुमच्या तक्त्यात कधीच दिसणार नाही. भाव असे वर गेले की गिऱ्हाईक नवे सोने विकत घेण्याऐवजी जुने मोडून नवे घडवते. पाटल्या येतात, गोफ येतात, आईच्या बांगड्या येतात. काट्यावर वजन होते, कस पाहिला जातो, घट वजा होते आणि मजुरी तेवढी रोख घेतली जाते. दुकानात गर्दी असते, कारागिरांना काम असते, पण त्या दागिन्यांसाठी एक ग्रॅम सोनेही आयात झालेले नसते. आयात घटली म्हणजे सोन्याची हौस घटली, असा अर्थ त्यामुळे लावू नये.

त्रैराशिक

सराफकट्टा यांनी सणांच्या तारखांचा मुद्दा काढला, तो धरून मी दोन्ही वर्षांचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकत्र करून पाहिले. यंदा दिवाळीच्या सुट्ट्या पूर्णपणे ऑक्टोबरात आल्या, तर गेल्या वर्षी त्या ३१ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरात सरकल्या होत्या. साहजिकच कारखाने, कार्यालये आणि निर्यातदारांचे कामाचे दिवस दोन्ही महिन्यांत वेगळ्या प्रकारे वाटले गेले.

एकेका महिन्याचे चित्र असे: आयात ऑक्टोबरात १६.६ टक्क्यांनी वाढली आणि नोव्हेंबरात १.९ टक्क्यांनी घटली. निर्यात ऑक्टोबरात ११.८ टक्क्यांनी घटली आणि नोव्हेंबरात १९.४ टक्क्यांनी वाढली. एकाच देशाचे लागोपाठचे दोन महिने आहेत यावर विश्वास बसू नये, असे हे आकडे आहेत. आता बेरीज करा. दोन महिन्यांची आयात यंदा १३८.७२ अब्ज डॉलर आणि गेल्या वर्षी सुमारे १२९ अब्ज. वाढ साडेसात टक्क्यांच्या आसपास. निर्यात यंदा ७२.५१ अब्ज आणि गेल्या वर्षी सुमारे ७१ अब्ज. वाढ दोन टक्क्यांहून किंचित अधिक. अमेरिकेने ऑगस्टअखेरीस भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादल्यानंतरचा हा काळ आहे हे लक्षात घेतले, तर निर्यातीचे हे चित्र ऑक्टोबरात रंगवले गेले तितके भीषण नाही आणि नोव्हेंबरात वाटले तितके आनंदाचेही नाही.

सोन्याचा हिशेब तर अधिकच बोलका निघतो. दोन महिन्यांचे मिळून यंदा सुमारे १८.७ अब्ज डॉलर, गेल्या वर्षी १४.७६ अब्ज. वाढ २७ टक्क्यांची, पण त्याच काळात भाव निम्म्याने वाढलेला आहे. म्हणजे 'सोन्याची आयात तिप्पट' हा मथळा ज्या हंगामाला मिळाला, त्या हंगामात वजनाने सोने कमीच आले असले पाहिजे.

रुपया आणे पै

वरील हिशेब डॉलरमध्ये आहेत. गेल्या ऑक्टोबरात डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता, यंदा ८८ च्या आसपास. डॉलरमध्ये आयात मुळीच वाढली नसती, तरी रुपयांत ती साधारण पाच टक्क्यांनी वाढलेली दिसली असती. मंत्रालय दोन्ही चलनांत आकडे देते. वाचणाऱ्याने एका बातमीत डॉलर आणि दुसऱ्या बातमीत रुपये अशी सरमिसळ करू नये, इतकेच.

बँकेत काम करताना आम्हांला आणखी एक प्रश्न वारंवार विचारला जातो. देशाच्या परकीय देवघेवीचा जो तिमाही ताळेबंद रिझर्व्ह बँक देते, त्यातील वस्तूंची आयात वाणिज्य मंत्रालयाच्या तीन महिन्यांच्या बेरजेशी जुळत नाही, तेव्हा खोटे कोण? कोणीच नाही. दोन्ही आकड्यांची व्याप्ती आणि नोंदीची वेळ वेगळी असते: मंत्रालय करळ फाटा यांनी सांगितलेले कस्टम्सचे दस्त मोजते, तर रिझर्व्ह बँक बँकांमार्फत परदेशी झालेल्या देयकांचाही आधार घेते. तसेच मासिक पत्रकातील 'पेट्रोलियम' या गटाविषयी गैरसमज दिसतो. २०२४-२५ मध्ये त्या गटाची आयात १८५ अब्ज डॉलरहून अधिक होती. ती केवळ कच्च्या तेलाची नव्हे, तयार पेट्रोलियम उत्पादनेही तिच्यात येतात. पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष कच्च्या तेलाचा, टनांतला आणि डॉलरमधला, स्वतंत्र मासिक तक्ता देतो. तेलावर बोलायचे असेल तर तो उघडावा.

आणि वस्तूंची तूट म्हणजे देशाची तूट नव्हे, हे तर सांगायलाच हवे. २०२४-२५ मध्ये वस्तूंच्या व्यापारातील तूट २८० अब्ज डॉलरच्या वर होती, तेव्हा सेवांच्या व्यापारातील शिल्लक १८८ अब्जांच्या आसपास होती.

आडत दुकान

तुम्हा सर्वांची चर्चा डॉलर, सोने आणि तूट यांभोवती फिरते आहे. मी लातूरच्या बाजारात सोयाबीन आणि तुरीची आडत करतो. आमच्याकडे आयातीचा आकडा म्हणजे पुढच्या आठवड्याचा भाव.

१४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरील एकूण जकात ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेली गेली. सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता, हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि जकात वाढल्याने भाव हमीभावाला टेकेल अशी शेतकऱ्यांची अपेक्षा होती. भाव टेकला नाही. मे २०२५ च्या अखेरीस ही जकात पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणली गेली. पुढच्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि बाजारातला दर त्याच्या बराच खाली राहिला.

आता आयातीचे आकडे पाहा. खाद्यतेलाच्या बाबतीत मंत्रालयापेक्षा मुंबईच्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशनचे मासिक आकडे आम्ही अधिक पाहतो, कारण ते टनांत असतात, तेलाच्या प्रकारानुसार असतात आणि त्यांचे वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर असे, म्हणजे हंगामाशी जुळणारे असते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही तेलवर्षांत एकूण खाद्यतेल १६० लाख टनांच्या आसपासच आले. एकूण आकडा पाहणारा म्हणेल की काहीच बदलले नाही. पण आत डोकावले तर पामतेल सुमारे ९० लाख टनांवरून ७६ लाखांच्या आसपास उतरले आणि सोयाबीन तेल ३४ लाख टनांवरून ५५ लाखांच्या घरात गेले. पाम महाग झाले, म्हणून रिफायनरीवाले अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या सोयाबीन तेलाकडे वळले. आमच्या शेतकऱ्याच्या मालाशी थेट स्पर्धा करणारे तेल वीस लाख टनांनी वाढले आणि एकूण आयात जागच्या जागी!

त्यात नेपाळची भर. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे नेपाळमधून येणाऱ्या शुद्ध तेलावर जकात लागत नाही. नेपाळात सोयाबीन नावापुरतेच पिकते. तिथले कारखाने कच्चे तेल बाहेरून आणून, शुद्ध करून भारतात पाठवतात. आपण जकात जितकी वाढवतो, तितका हा आडमार्ग अधिक किफायतशीर होतो. तक्त्यात मात्र देशाच्या रकान्यात 'नेपाळ' एवढेच दिसते.

प्रश्नोपनिषद

आडत दुकान यांचा मुद्दा पटला. पण मग जकात वाढवूनही सोयाबीनचा भाव का वाढला नाही, हे आयातीच्या आकड्यांवरून कळते का?

आडत दुकान

पूर्णपणे कळत नाही, आणि तिथेच या आकड्यांची मर्यादा आहे. सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास निघते, बाकीची पेंड असते. तेलाला जकातीचा आधार मिळाला तरी पेंडीला गिऱ्हाईक हवे. गेली दोन वर्षे मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांतून निघणारा स्वस्त चोथा पशुखाद्यात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला आणि सोयाबीनच्या पेंडीची मागणी त्याने खाल्ली. हा चोथा देशातच तयार होतो, म्हणून आयातीच्या कोणत्याही रकान्यात तो सापडणार नाही. प्लँटवाला, म्हणजे तेल काढणारा कारखानदार, सोयाबीनचा दर ठरवताना तेल आणि पेंड दोन्ही धरतो.

डाळींचे दुखणे वेगळे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा जकातमुक्त झाला आणि पुढे मुदत वाढतच गेली. कॅनडा आणि रशियातून तो इतका आला की बेसनात आणि फरसाणात हरभऱ्याची जागा त्याने घेतली. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के जकात लागली. तुरीची आयात तर २०२५ मध्येही जकातमुक्तच होती. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी येथून ती येते. आफ्रिकेतली तूर साधारण ऑगस्टनंतर उतरू लागते आणि आमची नवी तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येते. शेतकऱ्याला माल विकायचा की ठेवायचा हे जानेवारीत ठरवावे लागते. त्या वेळी बंदरात आणि गोदामांत किती परदेशी तूर शिल्लक आहे हे त्याला कळले पाहिजे. मंत्रालयाच्या पत्रकात डाळी हा एकच गट असतो, तोही डॉलरमध्ये. ठरावीक डाळीचे टन पाहायचे असतील तर काय करावे?

करळ फाटा

पत्रकाच्या पलीकडे वाणिज्य मंत्रालयाचीच मासिक आयात-निर्यात माहितीपेढी संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहे. तिथे आयात निवडून, महिना व वर्ष देऊन आठ अंकी कोडने शोध घ्यावा. तुरीचा कोड ०७१३६०००, पिवळ्या वाटाण्याचा ०७१३१०१०. किमतीबरोबर परिमाण मागण्याचा पर्याय तिथेच असतो आणि देशवार फोडही मिळते. परिमाणाचे एकक तेवढे नीट वाचावे, कारण काही वस्तूंना किलो, काहींना टन, काहींना नग लागतात आणि रकान्यातील संख्या हजारांत दिलेली असू शकते. मात्र हा तपशील पत्रकाच्या मागून येतो. नोव्हेंबरचा एकूण आकडा डिसेंबरच्या मध्याला मिळाला, तरी नोव्हेंबरची तूर पाहण्यासाठी आणखी थांबावे लागते.

आपण विचारलेल्या शिल्लक मालाविषयी मात्र ही माहितीपेढी काहीच सांगत नाही. आलेला माल आणि उरलेला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाळींच्या साठ्याची माहिती व्यापाऱ्यांनी ग्राहक व्यवहार खात्याच्या संकेतस्थळावर भरायची असते, पण शेतकऱ्याला तिथून बंदरनिहाय साठा कळेल अशी सोय मी पाहिलेली नाही.

आडत दुकान

धन्यवाद. कोड लिहून घेतले. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निर्णय घेणाऱ्याच्या हाती फार तर ऑक्टोबरपर्यंतची तूर असेल, आणि आफ्रिकेची जहाजे तर नोव्हेंबरातही लागतात. बंदरावरच्या दलालाला हे आधी कळते, आम्हांला नंतर आणि शेतकऱ्याला सर्वांत शेवटी.

त्रैराशिक

आडत दुकान यांनी दाखवलेली ही फट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुटीचा एकत्रित आकडा पंधरा दिवसांत मिळतो आणि त्याचा उपयोग फारसा कोणाला नाही; तुरीचे टन ज्याला हवेत, त्याला ते उशिरा मिळतात. कस्टम्सच्या प्रणालीत दस्त रोजच्या रोज भरले जातात, त्यामुळे निदान डाळी आणि खाद्यतेल यांचे टन दर आठवड्याला देणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नसावे. २०२४ च्या सोन्याचा अनुभव पाहता घाईत चूक होईल अशी हरकत कोणी घेईल, पण सोन्याची चूक घाईमुळे झाली नव्हती, दोन प्रणालींतून एकच माल दोनदा मोजल्यामुळे झाली होती.

पुढील पत्रकापासून मी या धाग्यावर एक साधा तक्ता ठेवीन: एकूण आयात, सोने-चांदी वगळून आयात, पेट्रोलियमही वगळून आयात, आणि प्रत्येकाशेजारी प्रथम जाहीर झालेला व नंतर दुरुस्त झालेला आकडा. मंत्रालय दुरुस्त आकडा देते तेव्हा माहितीपेढीत जुन्या आकड्याची जागा नवा घेतो, म्हणून पहिले पत्रक ज्या दिवशी येईल त्याच दिवशी ते उतरवून ठेवावे लागेल. आडत दुकान यांनी तूर आणि पिवळा वाटाणा यांचे टन दर महिन्याला त्याखाली टाकले, तर लातूरच्या भावाबरोबर ते जुळवून पाहता येतील.